हात लावा, मगच कळेल!



शाळेच्या सहलीबरोबर तुम्ही एखाद्या संग्रहालयात गेलाच असाल. आत पाऊल टाकलं की सगळ्यात आधी कोणती पाटी दिसते, सांगा बघू? बरोबर! ‘वस्तूंना हात लावू नये.’ मग बाई किंवा गुरुजी तोंडावर बोट ठेवायला सांगतात, आपण रांगेने काचेच्या कपाटांसमोरून पुढे सरकतो आणि बाहेर आल्यावर काय लक्षात राहतं? तर डब्यात काय खाल्लं ते!

ती पाटी काही उगाच लावलेली नसते बरं का. आपल्या हातांना घाम असतो, तेल असतं. हजारो जणांनी हात लावला तर शेकडो वर्षांची वस्तू बघता बघता खराब होईल. म्हणून जुनी वस्तू जपायलाच हवी. पण मग ती वस्तू कशी बनवली, कशी वापरली, ते हाताला कसं कळायचं? या प्रश्नावर जगातल्या काही संग्रहालयांनी मोठं छान उत्तर शोधलं आहे. जुनी वस्तू काचेआड ठेवायची आणि तिच्यासारखी नवी वस्तू बनवून मुलांच्या हातात द्यायची! समुद्राचा आणि जहाजांचा इतिहास सांगणारी संग्रहालयं तर यात फार पुढे आहेत. आज अशाच एका ठिकाणी जाऊ या. नकाशाची वही काढा आणि युरोपच्या उत्तरेला डेन्मार्क नावाचा चिमुकला देश शोधा.

खाडीच्या तळाची पाच जहाजं

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तिच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर रॉस्किल्ड नावाचं जुनं गाव आहे. गावाला लागून लांबलचक खाडी. या खाडीत, स्कुल्देलेव नावाच्या गावाजवळ, मासेमारी करणाऱ्या लोकांना पाण्याखाली दगडांचा एक ढीग माहीत होता. त्याखाली मार्गारेट राणीचं जहाज बुडालेलं आहे, असं म्हातारी माणसं सांगत. ही राणी साधारण सहाशे वर्षांपूर्वीची.

संशोधकांनी पाण्यात बुड्या मारून पाहिलं, आणि ते चकितच झाले. जहाज होतं खरं, पण राणीच्याही फार आधीचं, आणि एक नव्हे तर अनेक! ही जहाजं होती व्हायकिंग लोकांची. व्हायकिंग म्हणजे हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपातून समुद्रावर संचार करणारे लोक. ते व्यापार करत, मासे धरत, नव्या मुलखात जाऊन वस्ती करत आणि लूटमारही करत. त्यांच्या शत्रूंनाही जहाजं होती. म्हणून सुमारे १०७० साली रॉस्किल्डच्या लोकांनी आपलीच जुनी जहाजं दगडांनी भरली आणि खाडीच्या अरुंद वाटेत मुद्दाम बुडवली. शत्रूची वाट अडवली की नाही!

आता ही जहाजं वर काढायची कशी? १९६२ साली संशोधकांनी त्या जागेभोवती लोखंडी पत्र्यांची भिंत पाण्यात ठोकून बसवली आणि आतलं पाणी पंपाने उपसलं. खाडीच्या मधोमध जणू कोरडी विहीरच तयार झाली! पण गंमत अशी, की नऊशे वर्षं भिजलेलं लाकूड उन्हात वाळलं तर आक्रसतं आणि तडकतं. म्हणून खोदणारी माणसं एकीकडे चिखल काढत आणि दुसरीकडे लाकडावर पाण्याचा फवारा मारत राहायची. चार महिन्यांत लाकडाचे हजारो तुकडे बाहेर आले. ते एका खास मेणासारख्या रसायनात वर्षानुवर्षं मुरवले, मग जिगसॉ कोड्यासारखे जुळवले. त्यांच्यासाठी १९६९ साली खाडीच्या काठावरच संग्रहालय उघडलं.

जहाजं पाच. दोन मालवाहू, दोन लढाऊ आणि एक मासेमारीची होडी. सगळ्यात लांब जहाज तीस मीटरचं. म्हणजे तुमच्या शाळेतले चार-पाच वर्ग एका ओळीत लावले तर जेवढी लांबी होईल तेवढं! संशोधकांनी या जहाजांना क्रमांक दिले ते असे: १, २, ३, ५ आणि ६. आता सांगा, ४ नंबर कुठे गेला? डोकं चालवा. उत्तर शेवटी आहे, पण आत्ताच पान उलटायचं नाही हं!

आणखी एक गंमत ऐका. १९९७ साली या संग्रहालयाने शेजारी नवं बंदर करायला घेतलं. त्यासाठी खोदकाम सुरू झालं, तर तिथे आणखी नऊ जुनी जहाजं निघाली! जहाजांचं संग्रहालय वाढवायला जावं आणि पायाखालूनच जहाजं निघावीत, असं भाग्य कुणाला लाभतं का?

मुलं तिथे काय करतात?

आता आपल्या मूळ मुद्द्याकडे येऊ. ती काळी पडलेली लाकडं नुसती बघून दहा वर्षांच्या मुलाला काय कळणार? म्हणून या संग्रहालयाने बाहेरच्या बंदरात आणि अंगणात कामांची जत्राच भरवलेली असते. एकीकडे मुलं लाकडाचा तुकडा तासून स्वतःची छोटी होडी बनवतात. दुसरीकडे दोर वळतात. कुणी व्हायकिंग लोकांसारखे कपडे घालून जहाजावर चढतात. शेजारी खरे सुतार कुऱ्हाडीने फळी तासत असतात आणि मुलं त्यांना हवं ते विचारू शकतात.

आणि सगळ्यात धमाल म्हणजे खाडीतली सफर. आपल्याकडे नावेत बसलं की नावाडी वल्हवतो आणि आपण पाण्यात हात घालून बसतो. तिथे तसं नाही! पाहुण्यांनाच वल्ही हातात देतात. ‘मारा वल्ही!’ पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. याचं वल्हं त्याच्या वल्ह्यावर आपटतं, कुणी पुढे ओढतो, कुणी मागे, आणि होडी जागच्या जागी गिरक्या घेते. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येतं, की जोर महत्त्वाचा आहे, पण त्याहून ठेका महत्त्वाचा. सगळ्यांची वल्ही एका वेळी पाण्यात आणि एका वेळी बाहेर. ठेका जमला की होडी सरसर पुढे जाते. मग शिडाची दोरी ओढायची पाळी येते. ‘व्हायकिंग लोक एकजुटीने वल्हवत’ हे वाक्य पुस्तकात वाचलं तर परीक्षेपर्यंत लक्षात राहील. हाताला कळलं, तर जन्मभर राहील.

कुऱ्हाडीने शिकवलेला धडा

तुम्ही म्हणाल, ‘बाई, हे सगळं खेळायला ठीक आहे. पण खरा अभ्यास पुस्तकातच असतो ना?’ मग ही हकिगत ऐका.

व्हायकिंग लोकांनी जहाज कसं बांधायचं याचं पुस्तक लिहून ठेवलेलं नाही. बाप मुलाला शिकवायचा, मुलगा आपल्या मुलाला. मधे कुठेतरी ती साखळी तुटली आणि ज्ञान नाहीसं झालं. संशोधकांपुढे फक्त जुनी लाकडं होती. त्यांनी ती निरखून पाहिली, तेव्हा फळ्यांवर करवतीच्या खुणाच दिसेनात! दिसल्या त्या कुऱ्हाडीच्या. मग ओकच्या एवढ्या मोठ्या ओंडक्याच्या पातळ फळ्या करवतीशिवाय निघाल्या कशा?

कळण्याचा एकच मार्ग होता, करून पाहणं. ओंडक्यात पाचरी ठोकल्या. त्याचे दोन भाग झाले, मग चार, मग आठ. आपण मोसंबीच्या फोडी करतो ना, तसे! फोडीसारखा निघालेला प्रत्येक तुकडा कुऱ्हाडीने तासून फळी केली. अशी फळी लाकडाच्या रेषेरेषेने सुटते. करवत मात्र लाकडाच्या रेषा आडव्यातिडव्या कापत जाते. म्हणून फोडून काढलेली फळी पातळ असूनही चिवट असते आणि लाटेबरोबर लवते, मोडत नाही. फळीवर फळी थोडी चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडायची, मधल्या फटीत डांबरात भिजवलेली लोकर भरायची. बघा, हे सगळं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते कुऱ्हाडीने शिकवलं!

अशा रीतीने त्यांनी पाचही जहाजांच्या नव्या प्रतिकृती बांधल्या. सगळ्यात मोठ्या लढाऊ जहाजाच्या लाकडातली वर्षवलयं मोजली तेव्हा समजलं, की ते सुमारे १०४२ साली आयर्लंडमधल्या डब्लिनजवळ बांधलेलं होतं. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पावसाळी वर्षाचं वलय जाड, कोरड्या वर्षाचं बारीक. ही जाड-बारीक ओळ जुळवली की झाड कोणत्या मुलखातलं आणि कधी तोडलं ते ओळखता येतं. या जहाजाची प्रतिकृती २००४ साली पाण्यात उतरली. तिचं नाव ‘ग्लेंडालॉकचा सागरी घोडा’. २००७ च्या जुलैत साठेक जणांना घेऊन हा घोडा रॉस्किल्डहून निघाला आणि ऑगस्टमध्ये डब्लिनला पोचला. उघडं जहाज, वर छप्पर नाही, पाऊस आणि लाटा अंगावर. वाटेत वारा पडल्यामुळे काही अंतर दुसऱ्या बोटीने ओढून न्यावं लागलं, तेही त्यांनी लपवलं नाही. प्रयोगात जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं असतं. पुढच्या वर्षी हे जहाज समुद्रमार्गेच परत आलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या संग्रहालयाने ‘रोआर एगे’ नावाची पहिली प्रतिकृती १९८२ ते १९८४ या काळात बांधली होती. तीस वर्षं पाण्यात राहून ती जुनी झाली आणि २०१६ साली किनाऱ्यावर घेतली. नकाशे तयार होते, फोटो होते, लिहिलेल्या नोंदी होत्या. तरीही त्यांनी त्याच जहाजाची दुसरी प्रतिकृती पुन्हा कुऱ्हाडीने बांधायला घेतली आणि २०२२ मध्ये ती पाण्यात सोडली. एवढा खटाटोप कशाला? कारण पहिलं जहाज बांधणारे हात आता म्हातारे झाले होते. त्यांनी नव्या हातांना शिकवलं नसतं, तर एकदा तुटलेली साखळी पुन्हा तुटली असती. लाकूड रसायनात मुरवून टिकवता येतं. हातातली कला फक्त दुसऱ्याच्या हातात देऊनच टिकते.

आपल्या किनाऱ्यावर

‘पण बाई, हे झालं परदेशातलं!’ हो ना, मग आपल्याकडे या.

व्हायकिंग लोक फळ्या खिळ्यांनी जोडत. आपल्या हिंदी महासागरात मात्र फळ्या चक्क शिवत! नारळाच्या काथ्याची दोरी, फळीला भोकं, आणि गोधडी शिवावी तसं जहाज शिवायचं. ही कलासुद्धा विसरत चालली होती. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून आपल्या नौदलासाठी गोव्यात एक शिवलेलं शिडाचं जहाज बांधलं. नकाशा नाही, मोजमाप नाही, नुसतं भिंतीवरचं चित्र! जहाज पाण्यात कसं वागेल हे आधी छोटा नमुना करून मद्रासच्या आयआयटीत तपासलं आणि केरळच्या कारागिरांनी फळ्या शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. त्याचं नाव ‘कौंडिण्य’. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून ओमानमधल्या मस्कतला निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये तिथे पोचलंही. रॉस्किल्डच्या सुतारांनी कुऱ्हाडीला विचारलं, आपल्या कारागिरांनी सुईदोऱ्याला विचारलं. प्रश्न एकच, ‘पूर्वी हे कसं करत होते?’

मी कोकणात किनाऱ्यावरच्या एका लहान शाळेत शिकवते. आमच्याकडे संग्रहालय नाही, पण रॉस्किल्डविषयी वाचल्यावर मनात आलं, की एका खोलीत आठवडाभर ‘होडीघर’ मांडायला काय हरकत आहे? मुलांनी घरोघरी जाऊन वस्तू मागून आणल्या. जाळं विणायची सुई, जाळ्याला लावायची शिशाची वजनं, जुना कंदील, काथ्याचा दोर, मोडकं वल्हं. प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी लावली: नाव काय, कशासाठी वापरत, कुणाकडून आणली. आणि दारावर पाटी लावली, ‘कृपया हात लावा!’

दुसऱ्याच दिवशी एका मुलाचे वडील शाळेत आले. त्यांची मासेमारीची होडी आहे. ते म्हणाले, “बाई, राग मानू नका. पण आम्ही पोराला शाळेत धाडतो ते या धंद्यातून सुटावा म्हणून. तुम्ही पुन्हा त्याच्या हातात जाळंच देताय?”

मुलांनो, त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. समुद्रावरचं काम किती कष्टाचं आणि जोखमीचं असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी म्हटलं, “तुमचा मुलगा डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो. मला त्याला मासेमारीला लावायचं नाही. पण काल त्याने जाळ्याचे डोळे मोजले, एका हातात किती आणि दहा हातांत किती ते स्वतः काढलं. गुणाकार म्हणजे काय ते त्याला काल उमगलं. शिवाय तुम्हाला जे येतं ते कमी दर्जाचं आहे असं समजून तो मोठा होऊ नये, एवढंच मला वाटतं.”

त्यांना पटलं की नाही, ते काही बोलले नाहीत. पण शुक्रवारी ते आपल्या वडिलांना घेऊन आले. आजोबा पूर्वी शिडाच्या गलबतावर तांडेल होते. आता होड्यांना इंजिन आहे, दोर नायलॉनचे आहेत, वाट उपग्रह दाखवतो, त्यामुळे आजोबांना कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी चाळीस मुलांनी त्यांना दोन तास प्रश्न विचारले. त्यांनी गाठी मारून दाखवल्या. ओढली की घट्ट होणारी गाठ, कितीही ओढली तरी न सरकणारी गाठ, एका झटक्यात सुटणारी गाठ. वर्गात सहसा गप्प बसणाऱ्या त्यांच्या नातवाला तिन्ही गाठी आधीपासून येत होत्या, आणि आम्हाला कुणाला ते माहीतही नव्हतं! तासाभरात तोच सगळ्यांचा मास्तर झाला. मलासुद्धा त्यानेच शिकवलं.

करून पाहा

चला, आता तुमची पाळी. समुद्र जवळ असो की नसो, हे तीन प्रयोग कुठेही करता येतात.

१) दोर वळा. साहित्य: तीन-तीन मीटरच्या तीन सुतळ्या आणि चार मित्र. खिडकीच्या लागोपाठच्या तीन गजांना एकेक सुतळी बांधा. तिघांनी एकेक मोकळं टोक धरून ताणा आणि आपापल्या सुतळीला उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पीळ द्या. तिघांनीही एकाच दिशेने हं! सुतळी जरा सैल सोडल्यावर स्वतःभोवती वळू लागली की पीळ पुरेसा झाला. आता ताण न सोडता तिन्ही टोकं एकत्र आणा आणि गाठ मारा. चौथ्याने गाठीच्या पुढे सुतळ्यांच्या मधे दोन बोटं घालून तीन पेड वेगळे ठेवायचे. गाठ हळूहळू उलट्या दिशेने फिरवा आणि बोटंवाल्याने खिडकीकडे सरकत जायचं. त्याच्या मागे दोर तयार होत येईल! शेवटी खिडकीकडच्या बाजूलाही गाठ मारून मगच गजांपासून सोडा.

दोर उलगडत का नाही? प्रत्येक सुतळीला डावीकडे सुटायचं असतं आणि सगळ्यांच्या मिळून झालेल्या दोराला उजवीकडे सुटायचं असतं. दोघांची ओढाताण बरोबरीत सुटते आणि दोर घट्ट राहतो. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण उगाच नाही पडली! आता दोर मोजा. तीन मीटरचा राहिला का? किती आखूड झाला, ते वहीत लिहा.

२) करवंटीचं गलबत. नारळाची अर्धी करवंटी घ्या. तळाशी थोडी ओली माती चिकटवून तिच्यात खराट्याचा एक हीर उभा करा आणि त्याला कागदाचं शीड लावा. पाण्याच्या परातीत सोडून फुंकर मारा. बहुधा ते कलंडेल. आता तळात बारीक खडे भरा आणि पुन्हा फुंकर मारा. फरक दिसला? जड वस्तू तळाशी असली की गलबत स्थिर राहतं. म्हणून रिकामी जहाजं तळात दगड घेऊन निघत. आता एकेक खडा वाढवत जा. कितव्या खड्याला बुडालं? तोच खडा एका बाजूला ठेवला तर काय होतं? सगळं लिहून ठेवा.

३) मुठीने मोजा ध्रुव. रात्री मोकळ्या मैदानात किंवा गच्चीवर मोठ्या माणसाबरोबर जा. सप्तर्षी किंवा शर्मिष्ठेच्या मदतीने ध्रुवतारा शोधा. एक हात सरळ ताणून मूठ वळा. ही मूठ साधारण दहा अंशांची असते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ ठेवत मोजा. ध्रुव जितके अंश वर, तितकं तुमच्या गावाचं अक्षांश! रत्नागिरी सुमारे १७ अंश, मुंबई १९, नागपूर २१. म्हणजे आपल्याकडे ध्रुव दोन मुठींच्या आसपास. रॉस्किल्डला मात्र तो साडेपाच मुठी वर असतो!

आपल्या समुद्रावरच्या अरब आणि हिंदी खलाशांकडे यासाठी ‘कमाल’ नावाचं साधन होतं. म्हणजे काय, तर लाकडाची एक चौकोनी पट्टी आणि मधोमध ओवलेली गाठीगाठींची दोरी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, पट्टीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवाला टेकली की समजायचं, आपण अमुक बंदराच्या रेषेत आलो. पुठ्ठ्याची पट्टी आणि दोरा घेऊन तुम्हीही आपल्या गावाची गाठ मारू शकता. सुट्टीत मामाच्या गावाला गेलात की तिथली गाठ वेगळी पडते का, तेही बघा. मामाचं गाव बरंच उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तरच फरक दिसेल बरं का!

पालकांसाठी चार शब्द

पालकहो, वरचे प्रयोग करताना घरात पाणी सांडेल, सुतळीचे तुकडे पडतील, हात मळतील. कृपया पाच मिनिटं रागावू नका. दोर पहिल्यांदा बिघडला तर लगेच हातातून घेऊन स्वतः वळून देऊ नका. ‘का बिघडला असेल रे?’ एवढंच विचारा. चाकू, आग आणि खोल पाणी यांच्याजवळ मात्र तुम्ही सोबत हवेच.

दुसरी विनंती. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी आजी-आजोबा असतील, ज्यांना एखादी जुनी कला येते. दोर वळणं, टोपली विणणं, गोधडी शिवणं, बैलगाडीचं चाक बसवणं. मुलाला त्यांच्याजवळ बसवा. मोबाइलवर चित्रफीत काढलीत तर उत्तमच, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलाचे हात त्या कामाला लागू द्या. पोहण्याची चित्रफीत पाहून कुणाला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, ‘होडीघरा’ला पैसे लागत नाहीत. एक रिकामी खोली किंवा व्हरांड्याचा कोपरा पुरतो. तुमचं गाव विणकरांचं असेल तर ‘मागघर’ करा, कुंभारांचं असेल तर ‘चाकघर’ करा.

कोड्याचं उत्तर

आता सांगते ४ नंबर कुठे गेला ते. आधी संशोधकांना सहा जहाजं सापडली असं वाटलं होतं. पुढे कळलं, की २ आणि ४ हे एकाच लांबलचक जहाजाचे भाग आहेत! तेच ते तीस मीटरचं लढाऊ जहाज. क्रमांक मात्र आधीच दिलेले, म्हणून ४ गळला तो कायमचा. बघा, मोठमोठ्या संशोधकांनासुद्धा खरं काय ते पुढेच कळलं.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारा, ‘तुम्हाला हाताने करता येणारी अशी कोणती गोष्ट आहे, जी मला येत नाही?’ उत्तर वहीत लिहा. आणि येत्या रविवारपर्यंत ती गोष्ट निदान एकदा तरी स्वतः करून पाहा. पहिला प्रयत्न वेडावाकडा झाला तर तोही जपून ठेवा. पुढच्या प्रयत्नाशी ताडून बघायला तोच उपयोगी पडेल.

तुमच्या,
बाई